सटवाईपुढची कपात

पेणच्या गिरजाबाई पोह्यांचे पापड लाटायच्या आणि उरलेल्या वेळात घाबरायच्या. दोन्ही कामांत त्यांचा हात धरणारं आळीत कुणी नव्हतं. मांजर आडवं गेलं की त्या घाबरत, आणि बराच वेळ आडवं गेलं नाही तर कुठे मेलं म्हणून घाबरत. पण सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत त्यांची थट्टा करायची कुणाची छाती झाली नाही. रोह्याला दिलेली लेक शकू माहेरी बाळंत झाली होती. तिचं पहिलं मूल आठव्या दिवशी गेलं होतं. हे दुसरं.

शकू रोह्याच्या एका केमिकल कंपनीत, लॅबमध्ये होती. बाळंतपणाची रजा भरपगारी. जन्माचा दाखला मिळताच कंपनीने रजेचे पैसे दिले, आणि पाचव्या दिवशी जावई ते पगाराच्या चिठ्ठीसकट पेणला पोचवून गेला.

त्याच दिवशी बाळाची पाचवी. सटवाई येऊन नशीब लिहिते, तिच्यासाठी पाट्याजवळ कोरा कागद आणि पेन ठेवायचं असतं. घाईत गिरजाबाईंनी हाताला लागला तो कागद ठेवला. सकाळी शकूने तो उलटला.

“आये, ही माझी पगाराची चिठ्ठी गो.”

“कोरी हाय ना?”

“मागून कोरी. पुढून भरलीय.”

“काय लिवलंय?”

“पगार. आणि कपात. इन्कम टॅक्स कापलाय.”

गिरजाबाईंनी चिठ्ठी हिसकून पदराखाली झाकली. “सटवाईनं वाचलं असंल. तशीच कपात पोराच्या नशिबात लिवली असंल.”

“तिला इंग्रजी येतं व्हय?”

“नाय कसं? तुझ्या सायबांची नशिबं कोण लिवतं मग?”

शकू हसली, आणि हसता हसताच तिने बाळाच्या नाकाशी बोट धरलं. श्वास लागल्यावर काढलं. ते पाहून गिरजाबाईंनी लुगडं बदललं आणि रोह्याची एसटी धरली. वडखळला गाडी खोळंबली, तेव्हा तेवढ्यात घरी काय काय होऊ शकेल याची त्यांनी मनात पूर्ण उजळणी केली.

कंपनीचे हिशेबनीस मुसाभाई चष्मा पुसत होते. गिरजाबाईंनी चिठ्ठी पुढे टाकली.

“ह्यातली कपात काढा.”

“मावशी, रजेचा असला तरी तो पगारच. एरवी कापतो तसा टॅक्स ह्याच्यावर पण लागतो. बाळंतिणीला माफी नाय.”

“पोरानं अजून डोळे नीट उघडले नाय, आणि सरकार वाटा मागतंय?”

“आज नाय कापला तर नंतर सगळा एकदम द्यावा लागंल, वर व्याज. थोडं थोडं गेलेलं बरं ना?”

एकदम जातं म्हणजे काय, ते मागच्या खेपेला गिरजाबाईंनी मांडीवर पाहिलं होतं.

“थोडंच घेतात?”

“थोडंच.”

“मग घ्या,” त्या हळू म्हणाल्या. “थोडंच घ्या.”

चिठ्ठी परत पेणला आली आणि बाळाच्या उशाशी बसली. आठव्या दिवशी बाळ दिवसभर रडलं. ते गप्प झालं की दोघी धावायच्या, रडू लागलं की देवाला हात जोडायच्या. नवव्या दिवशी बाळाने चिठ्ठी भिजवली. गिरजाबाईंनी ती उन्हात पापडांशेजारी वाळवली.

रजा संपून शकू कामावर रुजू झाली, तशा बाळ सांभाळायला गिरजाबाई रोह्यालाच राहिल्या. एप्रिलात नव्या बजेटने सूट वाढवली आणि शकूची कपात बंद झाली. जावयाने पेढे आणले. गिरजाबाईंनी पेढा तसाच ठेवला, बाळाला कडेवर घेतलं आणि कंपनीच्या गेटवर मुसाभाईंना गाठलं.

“मुसाभाय, का थांबवलीत? आमचं काय चुकलं?”

“मावशी, चांगलंच झालं की. आता सरकारला तुमच्याकडून काय नको.”

“असं कसं नको? नंतर सगळं एकदम मागितलं तर? जरासं तरी कापा.”

मुसाभाईंनी बाळाकडे पाहिलं, मग गिरजाबाईंकडे. त्यांनी हात पुढे केला. गिरजाबाईंनी कनवटीचा रुपया त्यावर ठेवला.

“कापला,” मुसाभाई म्हणाले.

गिरजाबाईंनी बाळाच्या नाकाशी बोट धरून पाहिलं, आणि मगच त्या निघाल्या.