तीन हजार सालचा आंबा

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते. त्यात हातात आठच दिवस उरले होते. पुण्याच्या एका कंपनीनं नोकरीसाठी मी बनवलेला गेम परत पाठवला होता: "देखणा आहे, पण असे आम्ही रोज बघतो. आठ दिवसांत बदलून पाठवा, एकच संधी." ही नोकरी हुकली असती, तर बल्लारपूरच्या दुकानात पुन्हा झेरॉक्स काढत बसणं आलं.

गेममध्ये आमच्या गावासमोरचं, प्राणहिता नदीतलं बेट होतं, पण तीन हजार सालचं. निळी रेती, आठ पायांची लाल यंत्रं, आणि मधोमध आमचाच जुना आंबा. यंत्रांना गोळ्या घालायच्या, झाडाची चमकती फळं खाल्ली की खेळणारीचा जीव वाढायचा.

बाबा शेतातून आले, पाय धुऊन माझ्याजवळ बसले. "हे तं आपलं बेट होय!" मी इतकी खूश झाले की लॅपटॉपच त्यांच्यापुढे सरकवला. कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. बाबा थेट झाडाखाली गेले आणि थांबले. यंत्रं जवळ येऊ लागली.

"बाबा, तोड नं आंबा! मरून राह्यली ते!"

"पंडुम झाला का इथचा?"

आमच्यात सारं गाव जमून पहिली फळं पूर्वजांना वाहतं, तो पंडुम. तो झाल्याशिवाय नवा आंबा कोणी तोंडाला लावत नाही.

"तीन हजार साल हाय तिथी!"

"मंग? तीन हजार साली पुरखे नाई राहात का?"

खेळणारी मेली. तीनदा मेली, पण बाबांनी फळाला हात लावला नाही. मी लॅपटॉप धाडकन मिटला.

"रागावतं काऊन?" बाबा म्हणाले. "अन् पंडुम एकटीचा नसते. त्या लाल लोकायले बी बोलाव."

लाल लोक म्हणे! रागातही मला हसू फुटलं. पण ते डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी गोळ्याच काढून टाकल्या. आता पंडुमआधी फळ तोडलं की जीव जायचा. एकेका यंत्राला न घाबरता झाडापाशी आणायचं, सगळी जमली की पहिलं फळ बुंध्याशी ठेवायचं, की झाला पंडुम. आठवडाभर बाबाच तपासायला बसले. "ते मांगचं राह्यलं नं, त्याले आण."

पाठवला. काही दिवसांनी कंपनीतल्या बाईंचा फोन आला, गेम पसंत पडला होता. "सोमवारी रुजू व्हाल ना?"

आंब्याला कैऱ्या लटकत होत्या. पंडुमला अजून दहा दिवस होते.

"मॅडम, आमच्याकडे पंडुम आहे. तो झाल्यावर आले तर?"

झालं, म्हटलं, आपल्याच हातानं घालवली.

"झाल्यावरच या," त्या म्हणाल्या. "त्या झाडाखाली मी चारदा मेले आहे."