तुलेचा नवस

माघातल्या त्या सकाळी सर्व्हिस मोटारीत गुळाचा उबदार, गोडसर वास भरून राहिला होता आणि खिडकीतून येणाऱ्या हरभऱ्याच्या आंबूस गारव्याने तो अधिकच असह्य होत होता. माझी पत्नी सुमन गुळाची ढेप मांडीवर घेऊन बसली होती. मूल झाले तर वर्ष भरताच केळझरच्या गणपतीपुढे त्याची गुळाने तुला करू, असा आमचा नवस होता. मूल झाले, आणि अकराव्या महिन्यात तापाने गेले. नवस अंगावर ठेवू नये, गूळ तरी वाहून या, असे आई म्हणाली, म्हणून आम्ही वर्ध्याहून निघालो होतो.

समजूत घालायला येणाऱ्यांनी मला वात आणला होता. जो तो म्हणे, देवाची इच्छा. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत मी शाळेत मराठी शिकवीत असे. शेजारच्या ख्रिस्ती हेडमास्तरांनी मात्र बायबलातल्या इब्री, म्हणजे यहुदी, संदेष्ट्यांच्या विलापांचे पुस्तक माझ्या हाती ठेवले. सांत्वनाच्या आशेने मी ते उघडले, तर तिथे उभे भांडण! एकजण आपल्या जन्मदिवसाला शाप देत होता, ऐन तहानेला आटणाऱ्या ओढ्यासारखा तू मला फसवतोस, असे देवाला तोंडावर सुनावत होता. आणि नवल हे, की इतके बोलूनही तो देवासमोरून हलत नव्हता. मी भिऊन पुस्तक मिटले. आपल्यात देवाशी असे बोलत नाहीत, असे स्वतःला बजावले. मास्तर पडलो ना!

देवळात नवसाचा तराजू टांगलेला होता. सुमनने ढेप एका पारड्यात ठेवली. ते धाडकन जमिनीला टेकले, दुसरे रिकामे वर लोंबकळत राहिले.

"तोल आता!" ती मूर्तीकडे पाहून ओरडली. "काऊन नेलं माह्यं लेकरू? सांग मले. नाई सांगशीन तर दर चतुर्थीले येईन, इचारीन."

पुजारीबुवा घाबरून माझ्याकडे वळले. "मास्तर, बाईले आवरा. देवाचा कोप होईन."

कोप व्हायचा आणखी काय राहिला होता? इतके दिवस दाबून ठेवलेला संताप सुटला आणि मी म्हणालो, "नाई आवरत. तिले इचारू द्या."

मग मीही तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. गाभाऱ्यात निरांजनाचा उजेड संथ होता. उत्तर काही आले नाही. पण पुस्तकातल्या त्या दूरदेशीच्या माणसाचे हट्टाने उभे राहणे मला तिथे कळले. ज्याने देव सोडला, तो कशाला भांडेल? पुढच्या चतुर्थीला आम्ही पुन्हा गेलो, त्याच्या पुढच्याही. हात मात्र जोडले नाहीत.