परिचयपत्र न दिलेले राजदूत

“बोलती तो है नहीं, वहाँ जाके करेगी क्या?”

शेजारच्या शमीमचाचीला वाटलं, ती हळू बोलली. पण कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटाशेजारी आयुष्य काढलेल्या माणसांचं हळू बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत जातं. मी आतल्या खोलीत बॅगेवर बसून तिची चेन ओढत होते. बाबा रिक्षा आणायला गेले होते. आई ओट्याशी माझ्यासाठी दशम्या बांधत होती. तिने तिच्या माहेरच्या, गणेशपुरीकडच्या बोलीत उत्तर दिलं. “न्हाय बोलनार. पन ऐकंल ना समदं. ऐकनारं मानूस बी लागतं हापिसात.”

दोघी वर्षानुवर्षं अशाच बोलत आल्या आहेत, चाची हिंदीत आणि आई मराठीत. शमीमचाची माझ्या जन्माआधी आझमगडकडून भिवंडीत आली. तिचा नवरा लूमवर, मग मुलगा लूमवर. तरी सुट्ट्या लागल्या की गल्लीतलं कुणी ना कुणी तिला विचारतंच, “गाव कब जा रहे?” ती हसून म्हणते, देखते हैं. हे विचारण्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. मीही विचारलं असेल.

मला इंग्लिश मीडियमला घातलं ते बाबांनी. ते स्वतः अंबाडीच्या मराठी शाळेत शिकवतात आणि रोज एसटीने जातात. शाळेत माझं इंग्लिश भिवंडीचं होतं, घरी माझं मराठी शाळेचं होतं, आणि गल्लीत हिंदी सगळ्यांचंच होतं. तीन भाषांमध्ये अडखळण्यापेक्षा गप्प बसणं सोपं वाटायचं. पुढे स्पर्धा परीक्षा पास झाले, कारण तिथे लिहायचं असतं. दिल्लीला परराष्ट्र खात्यात लागले आणि काही दिवसांत बदलीचा हुकूम आला, समुद्रातल्या एका लहानशा बेटाच्या देशात, आपल्या दूतावासात. नाव लिहीत नाही, ऑफिसची शिस्त असते. बाबांच्या वर्गातल्या नकाशात तो देश छापलेलाच नव्हता. त्यांनी निळ्या समुद्रात पेनाने एक ठिपका काढला आणि पोरांना म्हणाले, इथे आमची मुलगी जाणार आहे.

रिक्षा आली. आई माझ्या केसांवरून हात फिरवत एवढंच म्हणाली, “कुनाच्या मधी पडू नको. आपलं काम भलं नि आपन.”

पहिले काही महिने मी तिचं अक्षरशः ऐकलं. इथे लूम नाहीत. दुपारी रस्ता इतका शांत असतो की कुणीतरी गेल्यासारखं वाटतं. घरमालकीण दारात मासे साफ करते आणि मला पाहून तिच्या भाषेत काहीतरी म्हणते. मी मान हलवते. शनिवारी बाजारात जाते. एकदा तिथल्या दुकानात मसाल्याचं पाकीट उचललं आणि सवयीने मागची बाजू वाचली. पॅकिंगचा पत्ता होता पूर्णा, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे. पूर्ण्यात माझ्या आत्याची भातशेती होती. आता तिथे पत्र्याची भलीमोठी गोदामं आहेत आणि आत्याचा मुलगा त्यातल्याच एकात ड्युटी करतो. मी ते पाकीट हातात धरून बराच वेळ उभी राहिले. दुकानदाराला वाटलं असेल, मुलीला एक्सपायरीची तारीख सापडत नाहीये. इतक्या लांब येऊनही घर माझ्याआधी पोचलं होतं, आणि भातशेतीचं जे गाव मला आठवत होतं ते मात्र आता पाकिटावरही सापडणार नव्हतं. तुमच्यापैकी जे घर सोडून गेलात त्यांना हे कळेल. जे तिथेच राहिलात त्यांनाही कदाचित कळेल, कारण तुमच्या पायाखालचं गाव तुम्ही न हलताही बदललं.

दूतावासाचा वर्धापनदिन जवळ आला होता, म्हणून जिन्याजवळच्या भिंतीवर आजवरच्या राजदूतांचे फोटो लावायचं ठरलं. काम माझ्याकडे आलं, कारण त्यात फोनपेक्षा ईमेल जास्त होते. प्रत्येकाच्या कुटुंबाला लिहून फोटो मागवायचे आणि खाली चार ओळी द्यायच्या.

मला हे काम आवडायला लागलं. सुरुवातीचे राजदूत इथे राहतच नव्हते. ते शेजारच्या मोठ्या देशात असायचे आणि वर्षातून एकदा बोटीने इथे यायचे. त्यातल्या एकांना बोट लागायची. त्यांच्या मुलाने लिहिलं की वडील इथल्या प्रत्येक भाषणाआधी आल्याचा तुकडा चघळायचे. मग राजदूत इथे राहायला लागले. एकांनी हिंदीचे वर्ग सुरू केले, ते त्यांच्या मागे बंद पडले. एकांनी वादळात आपल्या बंगल्याची दारं उघडली आणि आख्खी वस्ती त्यांच्या दिवाणखान्यात झोपली. एक बाई राजदूत होत्या, त्यांच्या सासूबाईंनी परसात शेवगा लावला. त्याच्या शेंगा आम्ही अजून खातो. सगळे आले, बेटावर जीव लावला आणि मुदत संपल्यावर ट्रंका भरून निघून गेले. पुढच्या देशात त्यांनी पुन्हा पडदे लावले असतील.

एका दुपारी फोन वाजला आणि नेमकी मीच टेबलाशी होते. पलीकडे लखनौहून एक वयस्कर बाई बोलत होत्या, फार अदबीने. त्यांच्या वडिलांची इथे राजदूत म्हणून नेमणूक झाली होती. भिंतीचं त्यांना एका जुन्या राजदूतांच्या मुलाकडून कळलं होतं. “हमसे किसी ने तस्वीर नहीं माँगी,” त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. बहुधा ईमेल चुकला असेल, असं त्यांनीच सुचवलं.

ईमेल चुकला नव्हता. त्यांच्या वडिलांचं नाव माझ्याकडच्या यादीत आलंच नव्हतं.

राजदूत विमानातून उतरला म्हणून राजदूत होत नाही. आपल्या राष्ट्रपतींनी दिलेलं परिचयपत्र त्याने इथल्या राष्ट्रप्रमुखांच्या हाती समारंभाने द्यायचं असतं. तोवर तो फक्त नियुक्त. या बाईंचे वडील बायको आणि लहान मुलीला घेऊन इथे आले तेव्हा इथले राष्ट्रप्रमुख उपचारांसाठी परदेशी होते. समारंभ पुढे ढकलला, मग आणखी पुढे. बाईंना आठवतं, बाबांचा काळा बंदगळा कोट बाहेरच्या खोलीत टांगलेला असायचा. खाऱ्या हवेने त्याला वास यायचा, म्हणून त्यांची आई तो पुन्हा पुन्हा उन्हात घालून इस्त्री करायची. बोलावणं कधीही येईल म्हणून. ते आलं नाही. हृदयविकाराच्या झटक्याने वडील इथेच गेले. विमान तेव्हा क्वचित यायचं. त्यांना इथल्या किनाऱ्यावर अग्नी दिला आणि राख याच समुद्रात सोडली. माय-लेकी कोट घेऊन परत गेल्या.

“बस इतना बता दीजिए, बेटा,” त्यांनी विचारलं, “उनकी तस्वीर लगेगी?”

मी म्हटलं, आय विल चेक अँड रिव्हर्ट, मॅम. ऑफिसात हे वाक्य आम्ही दिवसभर वापरतो. त्या दिवशी ते तोंडात खडा आल्यासारखं लागलं.

मी विचारलं, लेखी. सेकंड सेक्रेटरी साहेबांनी मला बोलावून नीट समजावलं. माणूस सभ्य आहे, कुणाचा अपमान करणार नाही. ते म्हणाले, आपण भावनेच्या भरात फोटो लावले तर उद्या कुणीही येईल. ज्यांनी परिचयपत्र दिलं ते राजदूत, एवढा सरळ नियम आहे. त्यांचं खरं होतं. मी मान हलवली आणि बाहेर आले.

त्या आठवड्यात आईचा फोन आला तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. एरवी मी इतकं सांगत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, त्या बाईच्या आईनं तो कोट नंतर काय केला असंल गं.  फोन ठेवल्यावर मी त्या काळ्या कोटाचाच विचार करत राहिले. मग शमीमचाचीचा. आमच्या गल्लीने तिच्याकडून कुठला कागद हातात घेतला असता म्हणजे तिला गावाला कधी जाणार हे विचारणं थांबलं असतं?

आमच्या सध्याच्या राजदूत मॅडमसमोर शेवटची बैठक सकाळी झाली. फोटो टेबलावर ओळीने मांडले होते. साहेबांनी क्रम वाचून दाखवला आणि जाता जाता लखनौच्या बाईंचा विषयही प्रामाणिकपणे सांगितला, नियमासकट. मॅडम त्या ओळीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, कुणाला काही म्हणायचं आहे का. असं विचारतात तेव्हा उत्तर अपेक्षित नसतं. सगळ्यांनी डायऱ्या मिटल्या.

फोटो लागला आहे, हे आधीच सांगते. आपल्या जागी, आधीच्या आणि नंतरच्या राजदूतांच्या मधोमध. खाली त्यांचं नाव आहे, ‘नियुक्त राजदूत’ असा हुद्दा आहे आणि ते याच बेटावर राहिले असं एक वाक्य आहे. लखनौच्या बाई थंडीत येणार आहेत, मी त्यांना किनाऱ्यावर नेणार आहे. मॅडमनी हे का मान्य केलं ते मला माहीत नाही. कदाचित त्यांच्याही मनात तेच असेल आणि कुणीतरी बोलायची त्या वाट पाहत असतील.

पण त्या सकाळी मला यातलं काही माहीत नव्हतं.  मी मनात इंग्लिश वाक्य जुळवत होते, विथ ड्यू रिस्पेक्ट पासून सुरू होणारं. ते जुळलं नाही. खुर्ची मागे सरकली, बहुतेक मीच सरकवली असेल. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि तोंडातून आली ती आमच्या गल्लीतली हिंदी, दिल्लीवाले जिला हसतात ती, शेजारचा लूम चालू असल्यासारख्या मोठ्या आवाजात.

“मॅडम, वो आए तो थे ना. कागज नहीं दिया तो क्या हुआ. घर तो छोड़ के आए थे.”