भाकरीचा रतीब

आमच्या आष्ट्यात दुधाचा रतीब असतो, पेपरचा असतो, फार तर पाण्याच्या जारचा. भाकरीचा रतीब कुणी ऐकला नव्हता. मी सुरू केला तेव्हा गल्ली आधी हसली, आणि हसून झाल्यावर नावं ठेवायला लागली. ठेवा म्हटलं. पीठ माझं, सरपण माझं, मनगटं माझी.

सुरुवात अगदी साधी झाली. आमच्या वरच्या खोल्यांत बँकेतलं एक जोडपं भाड्यानं आलं. परगावचे, बदलीवर आलेले, दोघंही नोकरीला. त्या बाईंना भाकरीची भारी हौस, पण थापायला घेतली की कडेनं चिरायची आणि तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन देश व्हायचे. मी शेजारधर्म म्हणून रोज चार भाकऱ्या वर पाठवायची. एके दिवशी त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, रोज फुकट घ्यायची आता लाज वाटते. दुधासारखं महिन्याचं ठरवून टाकू. नाहीतर उद्यापासून पाठवू नका." मी जागच्या जागी हो म्हटलं. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर ही हकिगत सांगायला उरलीच नसती.

त्यांच्या बँकेतल्या आणखी दोघांनी विचारलं, मग शाळेतल्या एका बाईंनी, मग डॉक्टरांनी गहू बंद केलेल्या एका काकांनी. ज्वारी जतकडची, शाळूची, दळण रोजचं ताजं, पहाटे आधण ठेवायचं आणि दिवस वर येईपर्यंत टोपली भरायची. लग्न होऊन आल्यापासून मी तसंही दुसरं काय करत होते? लष्कराच्या भाकऱ्याच भाजत होते. आमच्याकडे लष्कर घरातच होतं, एवढाच फरक.

लष्कर म्हणजे माझे सासरे. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. पहाटे उठून दाढी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि मग एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर बाकीच्या निवृत्त फौजींबरोबर बैठक. त्या गाड्यावरच कुणीतरी त्यांना छेडलं. "काय सुभेदार, भाकरीचं दुकान टाकलं म्हनं?"

आबा त्या दिवशी जेवायला बसले ते ताटाला हात न लावता. मी भाकरी वाढायला गेले तर त्यांनी ताटावर आडवा हात धरला.

"आपल्या घरात भाकरी वाढत्यात, इकत न्हाईत. दारात आलेल्या मानसाला जेवलास का म्हनून इचारायचं. किती घेतोस म्हनून न्हाई."

"आवं आबा, दारात आलेल्याला मी आजबी इचारते," मी म्हणाले. "पन ज्याला पायजे आसती आनि मागायची लाज वाटती, त्यानं काय करायचं?"

"ते मला सांगू नगंस. ऊस हाय, माझी पेन्शन हाय, नवरा सांगलीला नोकरीला जातोय. तुला काय कमी हाय?"

हा प्रश्न मला नंतर पुष्कळांनी विचारला, आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरलं. म्हणजे घरात काही कमी असेल तरच बाईनं आपल्या कामाचे पैसे घ्यावेत, आणि भरलेलं घर असेल तर फुकट राबावं? आबांनी फौजेत पगार घेतला तो काय घरात ऊस नव्हता म्हणून? तेव्हाही होता. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. आमच्या घरात आबांच्या तोंडावर एवढं कुणी बोललं नव्हतं.

आबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे उठले आणि म्हणाले, "ज्या तव्यावरची भाकरी बाजारात जाती, त्या तव्यावरची मी घरचा म्हनून खानार न्हाई." चप्पल पायात सरकवली आणि बाजारपेठेतून सरळ चालत माझ्या चुलत सासऱ्यांच्या घरी जेवायला गेले.

ते त्या दिवसापुरतं असेल असं आम्हाला वाटलं. पण फौजी माणूस, एकदा मोर्चा लावला की लावला. रोज दुपारी आणि रोज संध्याकाळी आबा पांढऱ्या शर्टात, काठी टेकत, भर पेठेतून जेवायला चालले की दुकानदार माना वर करून बघायचे. घर आबांचं, आणि आबा जेवायला दुसऱ्याच्या दारी. एका घरातल्या सुनेची यापेक्षा मोठी बदनामी करायची म्हटली तरी सापडणार नाही. मला राग आला होताच, पण खरं सांगायचं तर रागापेक्षा वाईट वाटायचं. मी त्यांच्यासाठी भाकरी जरा जाड ठेवायची, त्यांना तशी आवडायची म्हणून. आता सगळ्या एकसारख्या होत होत्या.

किराणा दुकानात एका बाईनं मला मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "आबा हल्ली तिकडं जेवतात का हो?" मी म्हटलं, "हो, आमच्याकडची महाग पडते." बोलले खरी, पण घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

मग तडजोडीला सगळे पुढं आले. माझा भाऊ कुंडलहून आला आणि मलाच समजावून गेला. नवऱ्याचं म्हणणं, वेगळा तवा ठेव. घरचा वेगळा, धंद्याचा वेगळा. आबा तव्यावर अडलेत ना, मग तव्याचाच प्रश्न सोडवून टाकू. आणि एका संध्याकाळी तो सांगलीहून येताना जाड लोखंडी तवा घेऊन आला. "हा घरचा," तो म्हणाला, अगदी खूश होऊन. चांगला माणूस आहे, भांडण म्हटलं की आधी मिटवायला धावतो.

मी तवा घासला, कांदा फिरवून तेलमिठावर चांगला तापवून घेतला, आणि पहाटे जुन्याच्या शेजारी दुसऱ्या चुलीवर चढवला. दोन्ही तव्यांवर रतिबाच्या भाकऱ्या. नवरा उठून आला आणि बघतच राहिला.

"अगं, हा घरचा ना?"

"तोबी घरचाच हाय की," मी म्हटलं. "मला दुसरा पायजेच होता. बरं झालं आनलास."

हट्टीपणा म्हणा हवं तर. पण वेगळा तवा ठेवला की मी कबूल केलं असतं की लोकांना जाते ती भाकरी कमी दर्जाची, कमी इज्जतीची. मी लोकांकडून महिन्याचे पैसे आगाऊ घेत होते ते कशाच्या जोरावर? जी भाकरी माझं घर खातं, तीच तुम्हाला मिळेल, या जोरावर. तेच तोडलं तर माझ्याकडे विकायला काय राहिलं? पीठ तर सगळ्यांच्याच डब्यात असतं.

दुसऱ्या तव्यानं धंदा वाढला, हे मात्र आबांच्या कृपेनंच झालं म्हणायचं. आष्ट्याचं पुरेना म्हणून मी स्कूटरवर टोपल्या बांधून सांगलीला जायला लागले. तिथल्या विश्रामबाग भागात निवृत्त माणसांची घरं आहेत, मुलं पुण्याला किंवा त्याच्याही पलीकडे. दोन माणसांसाठी परात काढायचा कंटाळा येतो. त्यांना रोज फोन करून, आज मिळेल का, असं विचारायचं नव्हतं. दारात पिशवी अडकवलेली असावी, आणि दहाच्या आत तिच्यात भाकरी पडावी. मला तिथं कळलं की रतीब घेणारा भाकरीचे पैसे देतच नाही. उद्याची चिंता मिटल्याचे पैसे देतो. म्हणून मी एक दिवसही चुकवला नाही. ताप आला तरी नाही, पावसानं रस्ता बुडाला तरी नाही. लांबच्या रस्त्यानं गेले, पण गेले.

एकट्या मनगटांनी ते होणार नव्हतंच. गल्लीतल्या तिघी यायला लागल्या. त्यातल्या एकीचा नवरा सीमेवर, ती पहिले दिवस मागच्या दारानं यायची आणि म्हणायची, "कुनाला सांगू नगा हां." मी म्हटलं, पुढच्या दारानं येणार असशील तरच ये. आठवडाभर रुसली, मग आली पुढच्या दारानं, तेही डोक्यावरचा पदर न ओढता. आज कराडातही आमच्या चुली पेटतात, आणि तिथलं सगळं तीच बघते.

आत्याबाईंचं काय, असं मला अजून विचारतात. त्या पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर थापत होत्या. नवरा रुसून बाहेर जेवतोय, आणि बायको त्याच तव्यापुढं! मी इतर बायकांसारखाच त्यांनाही महिन्याचा पगार दिला तेव्हा त्यांनी हात मागं घेतला. मग जरा वेळानं स्वतःच पुढं केला. म्हणाल्या, "लय भाकऱ्या केल्या गं मी. कवा कुनी हिशेब धरलाच न्हाई." त्या पैशांतून त्या एसटीनं वाईला बहिणीकडे गेल्या, कुणाची परवानगी न घेता आणि कुणाकडे तिकिटाला न मागता. घाटावर बसून दोघींनी दोन दिवस नुसत्या गप्पा मारल्या म्हणे.

आणि मग चुलत सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या. आता आबांच्या जेवणाची पंचाईत होणार, हे सगळ्यांनाच दिसत होतं. घरात सगळे खूश; आता येतील घरी, झक मारत येतील. आत्याबाईंनी त्यांचं ताट घासून ठेवलं. दुपार टळली. आबा आले नाहीत. गाड्यावर केळी आणि बिस्किटं खाल्ली, असं संध्याकाळी नवऱ्याला कुणीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मला भारी राग आला. एवढा कसला ताठा? आणि तरी मनात येऊन गेलं की एक महिना बंद ठेवावं का सगळं, म्हाताऱ्या माणसाच्या पोटासाठी. मी विचार केला, आणि बंद ठेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी सांगलीचा फेरा करून परत येत होते. स्टँडसमोर वळले तर आबांनी काठी वर करून मला थांबवलं. गाड्यावर सगळे फौजी बसलेले. आता चारचौघांत बोलणार, आणि मीही गप्प बसणार नाही, मग जे व्हायचं ते होऊ दे. मी स्कूटर बंद केली, पण उतरले नाही.

आबांनी शर्टाच्या खिशातून पैसे काढले आणि माझ्यापुढं धरले.

"एका मानसाचं. दोन्ही येळचं. म्हैन्याचं."

चहावाल्यानं गाळणी हातातच धरली.

"आबा, तुमी तर..."

"घरचा म्हनून खानार न्हाई म्हनलो हुतो," आबा म्हणाले. "गिऱ्हाईक म्हनून न्हाई. माझा शबूद मी मोडलेला न्हाई."

सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी काय बोलणार हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. कुठलीही चांगली सून बोललीच असती, अहो आबा, तुमच्याकडून कसले पैसे, घर तुमचं, चला घरी. माझ्याही ओठावर आलं होतं. डोळे भरून आले होते, ते लपवायला मी हेल्मेटची काच खाली केली. पण मला कळत होतं की हे पैसे मी परत केले तर एवढे दिवस मी जे केलं ते त्या गाड्यावर त्याच क्षणी पुन्हा सुनेची सेवा होऊन बसेल. आणि आबांनाही ते कळत असणार. उभं आयुष्य माणसं ओळखण्यात घालवलेला माणूस तो.

मी पैसे घेतले. पर्समध्ये ठेवले आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारते तेच विचारलं.

"उद्यापासनं चालू करते. कुठं पोचवायची?"

आबांनी काठी जमिनीवर टेकली.

"माझ्या घरी," ते म्हणाले. "आनि जरा जाड ठेव. गरम आसली तर बरं."

"गरम पायजे तर येळेवर ताटावर बसाय लागंल, आबा. गिऱ्हाइकासाठी मी तवा थांबवत न्हाई."

गाड्यावर कुणीतरी फिसकन हसलं. आबांनी तिकडं एकदाच बघितलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बसतो की. आता तर पैसं भरल्यात."