‘धरते’ या शब्दाविषयी

कर्ता कोण, हे सांगितल्याशिवाय वाक्य पूर्ण होत नाही. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कचेरीबाहेर बसून मी लोकांचे अर्ज लिहितो आणि प्रत्येक पक्षकाराला हे प्रथम बजावतो. ‘कुंपण तोडले’ एवढ्याने भागत नाही. कोणी तोडले ते सांगा. शाळेत मी सातवीपुढे गेलो नाही, तरी माझ्या लेखणीतून उतरलेला अर्ज मुद्द्याअभावी परत आल्याचे मला स्मरत नाही. अर्ज हिंदीत असतात. मराठी ही आमची घरची भाषा, आणि तिनेच मला एकदा अडवले.

चूल काढून आम्ही स्वयंपाकघरात उभा ओटा घातला, तेव्हाची ही हकीकत. गोंदियाहून मिक्सर आणला होता आणि मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतून बदली होऊन जाणाऱ्या एका इंजिनियरचा जुना फ्रिज मिळाला होता. कोणती तार कोठून न्यावी, याचा नकाशा मी स्वहस्ते काढला. फ्रिज दाराजवळ, विजेची शेगडी खिडकीखाली आणि मिक्सरचा पॉइंट पूर्वेच्या कोपऱ्यात.

त्या कोपऱ्यात आईचा पाटा-वरवंटा असे. शेवटच्या काळात तिची दृष्टी गेली, तरी वाटण ती तेथेच बसून वाटायची. जवळून कोणी गेले की हात पुढे करून त्याचे मनगट धरायची, अंगठ्याने चाचपायची आणि विचारायची, “कोण हाय?” उत्तर मिळेपर्यंत सोडत नसे. ती गेल्यावरही पाटा जागचा हलला नव्हता. ओट्याच्या कामासाठी मात्र आम्ही तो उचलून अंगणात, मोरीच्या भिंतीला टेकवून ठेवला.

मिक्सर सुरू झाला त्याच सकाळी माझी पत्नी एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट झाकून बाहेर आली.

“तिथं मले धरते.”

“काय धरते?”

“धरते. मनगटाले.”

आमच्या बोलीत तोही धरते, तीही धरते आणि तेही धरते. क्रियापदावरून कर्ता ओळखता येत नाही. विजेचा झटका बसला तरी ‘धरते’ आणि बाहेरची बाधा झाली तरी ‘धरते’च. मी आत जाऊन मिक्सरच्या लोखंडी अंगावर हात ठेवला. काहीही झाले नाही. आमच्या स्वयंपाकघरात चपला चालत नसत. टाचांच्या भेगांमुळे मला तेवढी रबरी चपलेची सवलत होती, आणि ती चप्पल तेव्हा माझ्या पायांत होती.

“भास हाय तुहा,” मी म्हणालो.

“भास? मंग तुम्हीच वाटा चटणी. जबरदस्ती करसान तं मी लालबर्र्याले भावाकडे जाते. अन् मंग येत नाही.”

ती बोलून विसरणारी बाई नव्हती. शिवाय तिचे हात दिवसभर ओले आणि पाय अनवाणी. कर्ता वीज असेल तर तिचा जीव जाणार होता; वीज नसेल तर ती घरातून जाणार होती.

तारा ओढणाऱ्या विजेच्या मिस्त्रीला मी बोलावले. तो पूर्वी मलाजखंडच्या एका ठेकेदाराकडे होता आणि हे कोणालाही विसरू देत नसे.

“धरते का, भाभी?”

“हौ, धरते.”

“झटका देऊन सोडते, का पकडूनच ठेवते?”

“पहिले चाचपते. मंग सोडते.”

मिस्त्री हसला. “मलाजखंडले हत्तीएवढ्या मशीनी पाहिल्या, भाभी, पण चाचपणारा करंट नाही पाहिला.”

“तं आता पाहा.”

तिसरी तार अजून जमिनीत सोडलेली नव्हती. ते काम अखेरीस व्हायचे होते. “अर्थ द्यावा लागेल, बाबूजी,” तो मला म्हणाला. माझ्या घरात अर्थाची उणीव निघावी, हे मला रुचले नाही. अंगणात खड्डा करून त्यात मीठ आणि कोळसा भरावा लागतो, असे त्याने सांगताच पत्नीचा चेहरा उजळला. “मिस्त्री जाणता हाय,” ती माझ्या कानाशी पुटपुटली. तिला तो उतारा वाटला होता. मिस्त्रीने खड्डा खणला, चिनी मातीचा पांढरा फ्यूज काढून खिशात टाकला आणि तो मीठ-कोळसा आणायला बाजारात गेला.

दुपार होती. फ्रिजची घरघर थांबली होती. पत्नी ओसरीवर तांदूळ निवडत होती, त्या सुपाचा आवाजही एकाएकी ऐकू येईनासा झाला. स्वतः पाहिल्याशिवाय अभिप्राय देऊ नये, असे मी मानतो. चपला उंबऱ्याशी काढल्या, माठातल्या पाण्याने हात ओला केला आणि मिक्सरवर ठेवला.

मनगट धरले गेले.

झटका नव्हता. कोरडी, खरखरीत बोटे होती. अंगठा नाडीवर येऊन थांबला आणि वाट पाहू लागला. समोर कोणी नव्हते. बोर्डावर फ्यूजची रिकामी जागा तेवढी दिसत होती. पक्षकारांना मी जे विचारतो, तेच मला विचारले जात होते.

“मी हाय, आई.”

बोटे सुटली. सुपाचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला.

मिस्त्री परतला. खड्डा भरून त्याने तार जोडली. मी त्याला मिक्सरचा पॉइंट पश्चिमेच्या भिंतीवर न्यायला सांगितले.

“काहून, बाबूजी? नकाशा तं तुमचाच हाय. अर्थ दिल्यावर नाही धरत.”

“नकाशात दुरुस्ती झाली.”

“भाभीनं सांगितलं का?”

“मी सांगून राह्यलो.”

तो मान हलवत कामाला लागला. संध्याकाळी त्याच्याच मदतीने मी पाटा अंगणातून उचलून ओट्याखाली, पूर्वीच्या जागी ठेवला. मनात तो काय म्हणाला असेल ते असो.

दुसऱ्या सकाळी पत्नीने नव्या जागी चटणी वाटली. मी दाराशी उभा होतो.

“आता नाही धरत,” ती म्हणाली. कोण, ते तिने सांगितले नाही आणि आयुष्यात प्रथमच मी विचारले नाही. लालबर्र्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. चटणीची वाटी घेऊन ती दाराकडे निघाली, आणि कोपऱ्यापाशी आल्यावर तिचा मोकळा हात किंचित पुढे झाला.

“मी हाय,” ती हळूच म्हणाली.

माझ्या चपला तेव्हापासून उंबऱ्याबाहेर असतात.