तिसरी शिंपली

“तिसरी शिंपली उताणी झाल्याशिवाय उठायचं नाही.”

वनमालाबाई हे रोज म्हणायच्या. खारदांड्याच्या आमच्या मराठी शाळेत दुसरीचा वर्ग त्यांच्याकडे होता आणि मी तिथला शिपाई. कोळ्यांची पोरं बोलायला तिखट, पण लिहायला बसवली की पाटीवर एकच शब्द उमटायचा. होडी. आई. बाजार. पुढे काही नाही. मग बाई जमिनीवर तीन शिंपल्या पालथ्या मांडायच्या. पहिलीवर बोट ठेवून सांगायचं कोण, दुसरीवर कुठे, तिसरीवर काय केलं. सांगून झालं की ती शिंपली उताणी करायची. तिन्हींची आतली पांढरी चमक दिसली की मग पाटी हातात घ्यायची.

“माझी आई,” एखादा म्हणायचा.

“कुठे आहे?”

“बाजारात.”

“बरं. बाजारात जाऊन उभी राहिली तुझी आई. आता तिला तशीच उभी ठेवणार का रे?”

“भांडते!”

वर्ग खदखदून हसायचा. “लिही,” बाई म्हणायच्या. “माझी आई बाजारात भांडते. आणि पूर्णविराम दे, नाहीतर संध्याकाळपर्यंत भांडत राहील बिचारी.”

बाईंना हसताना मी फक्त त्या वर्गातच पाहिलं. शाळा सुटली की त्या रिकाम्या बाकांकडे तोंड करून बसून राहायच्या. मी किल्ल्या घेऊन दारात थांबायचो. घाई करायचो नाही. घाई माझ्या गावात कुणी शिकवली नाही आणि मुंबईत मी ती शिकलो नाही. बाई मालवणकडच्या. अंधेरीला एका चाळीत खोली होती, तिथे एकट्याच राहायच्या. गळ्यात मंगळसूत्र होतं, हातात हिरव्या बांगड्या होत्या, पण ज्याच्या नावाचं हे सगळं तो माणूस कुणी कधी पाहिला नव्हता. बाकीच्या बाया डबा खाताना विषय काढायच्या, तेव्हा यांना नेमकी तहान लागायची आणि त्या उठून माठाकडे जायच्या.

एकदा मला म्हणाल्या होत्या, “धोंडू, रविवारी माझा आवाज बसतो. सोमवारी पहिलं वाक्य बोलायच्या आधी खाकरावं लागतं.”

शहाऐंशी सालची गोष्ट. दिवाळीच्या आधी वारा फिरला आणि महादू कोळ्याची होडी परत आली नाही. दोन फळ्या मढच्या किनाऱ्याला लागल्या, महादू लागला नाही. त्याच्या बायकोने, द्रौपदीने, बांगड्या काढल्या नाहीत. घरात तिने एकच सांगून ठेवलं होतं. तो येईपर्यंत किंवा त्याची खबर येईपर्यंत, त्याचं पुढे काय झालं ते कुणी बोलायचं नाही. जेवणाच्या वेळी त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची.

त्यांची मुलगी प्रेमा बाईंच्या वर्गात होती. सुट्टीनंतर आली ती मुकीच झाली होती. पाटीवर फुलंसुद्धा काढेना. बाईंनी तिला जवळ बसवलं, शिंपल्या मांडल्या.

पोरीने पहिलीवर बोट ठेवलं. “माझे बाबा.” उताणी केली. दुसरीवर ठेवलं. “समुद्रावर.” तिसरीवर बोट तसंच राहिलं.

“बाई, ती अर्धंच बोलते!” मागून कुणीतरी ओरडलं.

बाईंना सगळं ठाऊक होतं. तरी त्यांना वाटलं, पोर इथेच अडकली आहे, इथूनच सोडवली पाहिजे. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिसरी शिंपली स्वतः उताणी केली. “माझे बाबा समुद्रावर बुडाले. लिही बाळा. लिहिलं की हलकं वाटतं.”

प्रेमाने लिहिलं. अक्षर चांगलं आलं. लिहिलेलं घरी मोठ्याने वाचून दाखवायचं, हाही बाईंचाच नियम. त्या नियमाप्रमाणे तिने संध्याकाळी आईसमोर, झाकलेल्या ताटासमोर, ते वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी द्रौपदी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन थेट वर्गाच्या दारात आली.

“काय गो मास्तरीण, माझ्या नवऱ्याला तू बुडवलंस? दर्यानं नाय सांगितलं, पोलिसानं नाय सांगितलं, आनि तुला गो कसं कळलं?”

“अहो, पोरगी बोलत नव्हती...”

“नको बोलूं दे! कोळंबी सोलायला जीभ लागत नाय. उद्यापासून धाडणार नाय मी तिला.”

आणि खरंच धाडली नाही. बाईंनी तिची जागा कुणाला दिली नाही. मी येता-जाता पाहायचो, प्रेमा ओट्यावर आजीशेजारी कोळंबी सोलत बसलेली असायची. बोटं पांढरीफटक. मी ते सांगितलं, तेव्हा बाई म्हणाल्या, “धोंडू, मला घर दाखव.”

बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या मधून आम्ही गेलो. द्रौपदी उंबऱ्यात बसली होती. उठली नाही, ‘या’ म्हणाली नाही. बाई खालीच, ओल्या जमिनीवर बसल्या. बऱ्याच वेळाने द्रौपदीने त्यांच्या बांगड्यांकडे पाहिलं.

“तुझा मालक काय करतो गो?”

“आमचे हे...” बाई म्हणाल्या. “बोटीवर नोकरीला...”

पुढचं आलं नाही. मी वाट पाहिली. वर्गभर पोरांची वाक्यं पुरी करून घेणारी ती बाई तिथे नुसती ओठ हलवत राहिली.

“कवापासून?” द्रौपदीचा आवाज उतरला होता.

“फार वर्षं झाली. बंदरावर उतरले, एवढंच कंपनीने कळवलं. पुढे काय झालं, ते मला कुणी सांगितलं नाही हो.”

“आनि तरी माझ्या पोरीला सांगितलंस?”

“चुकलं माझं.”

बाईंनी पदराच्या गाठीतून तीन शिंपल्या काढल्या आणि उंबऱ्यावर मांडल्या. दोन उताण्या केल्या. तिसरी पालथीच ठेवली. प्रेमा आईच्या मागून पाहत होती.

“ही अशीच राहू दे,” बाई तिला म्हणाल्या. “ही तुझी. तुला वाटेल तेव्हा उलट, नाही वाटलं तर नको. बाकीची वाक्यं आपण लिहू. आई भांडते, ते लिहू.”

द्रौपदीच्या तोंडावर हसू आलं आणि तिथेच मोडलं. “उद्या धाडते,” ती म्हणाली. “पन त्याचं काय नको लिहूं देऊ. आनि चहा घे, अशी नको जाऊ.”

“नको. अंधेरीची बस चुकेल.”

अंधेरीला वाट पाहणारं कुणी नव्हतं, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. मी सोबत निघालो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. बांबूंच्या रांगांमधून त्या एकट्या चालत गेल्या, पदर आवळून, मान खाली घालून. प्रेमाने पालथी शिंपली उचलून मुठीत धरली. आणि द्रौपदी उंबऱ्यातून उठून उन्हासाठी कपाळावर हात धरून पाहत राहिली. रोज संध्याकाळी ती दर्याकडे पाहायची, अगदी तशीच.