टिक केली की काम निकाली

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आवक-जावक टेबलावर बसणाऱ्या या गृहस्थांना सगळे कार्डमास्तर म्हणायचे. खिशात कोऱ्या कार्डांची गड्डी, तिला काळी क्लिप, शेजारी बारीक टोकाचं पेन. मोबाइलवाल्यांची त्यांना कीव यायची. "बॅटरी संपली की तुमचं डोकं बंद," असं चहाच्या वेळी भेटेल त्याला ऐकवायचे. अक्षर मोत्यासारखं, हे मान्य करायलाच हवं. कामाच्या नावानं शंख असला म्हणून काय झालं?

रोज सकाळी कालचं कार्ड समोर घ्यायचं, उरलेली कामं नव्या कार्डावर सुवाच्य उतरवायची आणि जुन्यावर टिक करायची. कचेरीत कागद पुढच्या टेबलावर गेला की तो निकाली. मग घरचं काम पुढच्या कार्डावर गेलं, तर तेही निकालीच की! हे त्यांना इतकं रास्त वाटायचं, की कोणाला समजावून सांगावं असं मनातही आलं नाही.

बायको बिचारी टिकचा अर्थ चारचौघांसारखा लावायची. 'दादांचं कानाचं मशीन दुरुस्तीला देणे' यापुढे टिक दिसली, तसं तिनं सासऱ्यांना खुणेनं सांगितलं, दिलंय, येईल. दादा बसले वाट बघत. मशीन कार्डमास्तरांच्या खणात, कोऱ्या कार्डांशेजारी सुखरूप पडलं होतं. तिनं विचारलंच, तर "प्रक्रियेत आहे" हे उत्तर तयार.

दादांची धाकटी बहीण दूरच्या गावी एकटी राहायची. दर रविवारी तिचा फोन यायचा. मशीन नाही म्हटल्यावर दादांना ओ की ठो कळत नसे, पण तिला काळजी नको म्हणून ते अंदाजानं उत्तरं ठोकून द्यायचे. एका रविवारी ती म्हणाली, "दादा, आता एकटीनं निभत नाही रे. येऊ का तुझ्याकडे राहायला?" दादांना वाटलं, काही पाठवू का म्हणतेय. "नको गं, कशाला उगाच त्रास," ते हसून म्हणाले.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दादा फोन मांडीवर घेऊन बसून राहायचे, जेवायला उठायचे नाहीत. शेवटी सुनेनं आत्याबाईंना फोन लावला.

"नको म्हणाला मला," आत्याबाई म्हणाल्या. "वर हसला."

दादांना ऐकूच गेलं नसणार, हे सुनेनं ओळखलं. तिनं घर धुंडाळलं आणि खणातलं मशीन काढून स्वतः दुकानात नेलं. दुकानदारानं आतला मळ काढला, सेल बदलला. ती उभी होती तेवढ्यात काम संपलं. मशीन कानात घालून दादांनी सगळी हकिगत ऐकली.

कार्डमास्तरांना मनापासून लाज वाटली. लाज वाटली की ते नवं कार्ड काढायचे. 'दादांची व आत्याची माफी मागणे,' त्यांनी लिहिलं आणि खाली पट्टीनं रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी त्यापुढे टिक होती.

"मागितलीत माफी?" बायकोनं विचारलं.

"आजच्या कार्डावर घेतलीय."

"ऐकू आलं बरं का मला," आतून दादा म्हणाले. ते पिशवी खांद्याला लावून, चपला घालूनच बाहेर आले. "तिला आणायला निघालोय. तुझं ते लिहायचं टेबल हलव. तिथं तिची खाट लागेल."

कार्डमास्तरांचा हात सवयीनं खिशाकडे गेला.

"लिहू नकोस," दादा म्हणाले. "उचल."